बाबाची कवळी आणि मे महिन्यातला डोह

पावसाळ्यात मासे धरून मिशीला पीळ देणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. जून-जुलैत गाढी नदी भरून आली की मासे स्वतःहून भातखाचरात चढतात, बांधावर उड्या मारतात, टोपली उपडी टाकली तरी दोन सापडतात. त्यात कसलं आलंय कौशल्य? खरा मासे धरणारा बघायचा असेल तर मे महिन्यात बघावा.

मे महिन्यात आमची नदी नदी राहतच नाही. एप्रिल लागला की धार बारीक होत होत गोट्यांमध्ये कुठेतरी शिरते आणि दिसेनाशी होते. मागे उरतात ते डोह. पुलाजवळ एक, उंबराखाली एक, पुढच्या वळणावर एक, आणि मधे सगळे तापलेले दगड. शहरातून येणारे पाहुणे पुलावर गाडी थांबवून ‘अरेरे, नदी आटली’ म्हणून हळहळतात. आटली कुठे? अख्ख्या नदीची मच्छी त्या तीन डोहांत येऊन बसलेली असते. पण बसलेली असते म्हणजे लगेच हाताला लागते, असं नाही. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसतो. म्हणजे तळातल्या माशालाही तुम्ही दिसता, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

ऊन चढलं की वरचं पाणी कोमट होतं आणि मासे कपारीत नाहीतर उंबराच्या मुळांत जाऊन बसतात, ते संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं नाव घेत नाहीत. जे काय साधायचं ते फटफटल्यापासून पाण्यावर ऊन येईपर्यंत. त्या वेळी साचलेल्या पाण्यात मासे घुसमटतात, श्वासासाठी तोंडं वर काढतात, आणि पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठतात. तेव्हा बोलायचं नाही, खोकायचं नाही, पायाखालचा दगड हलू द्यायचा नाही, आणि पाग मारायचा. एकदाच. तो चुकला की मासे कपारीत आणि तुम्ही घरी.

माझ्या बाबाचा पाग चुकत नसे.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. थोडं जाळं डाव्या हातावर घ्यायचं, थोडं उजव्या मुठीत धरायचं आणि त्याच्या कडेचा एक भाग दातांत पकडायचा. मग कमरेतून एक हेलकावा. हात आणि दात एकाच क्षणाला सुटले पाहिजेत. तसे सुटले तर जाळं हवेत भाकरीसारखं गोल उघडतं. हात आधी आणि दात नंतर असं झालं तर त्याची पुरचुंडी होऊन पाण्यात पडते. दातांऐवजी कोपरावर कड अडकवून पाग मारणारेही लोक आहेत. बाबा त्यांना मासे धरणारे म्हणत नाही, कपडे वाळत घालणारे म्हणतो.

तर अशा माणसाचे दात गेले. सत्तरी ओलांडल्यावर हलायला लागले आणि दोन वर्षांत वरचे सगळे पडले. खालचे तेवढे दगडासारखे घट्ट राहिले. आता माझा बाबा दिसायला एकदम राजबिंडा. लांब नाक, पांढरीशुभ्र मिशी, ताठ कणा. या वयातही आरशासमोर मिशी विंचरायला त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वरचा ओठ आत गेला आणि त्या मिशीची पार रया गेली. तेव्हापासून खांद्यावरचा टॉवेल तोंडावर आला तो आलाच. बोलायचं टॉवेलाआडून, जेवायचं भिंतीकडे तोंड करून. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेला नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि त्याच दुपारी अर्धा किलो मटणाचा रस्सा भाताबरोबर ओरपला. पाग खुंटीला टांगला गेला. तीन वर्षं तो तिथेच.

मी पनवेलमध्ये एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर पालकांवर ओरडून ओरडून माझा आवाजच तसा झालाय, असं नवरा म्हणतो. मी बाबाला हजारदा सांगितलं असेल, की अरे बाबा, कवळी मिळते, जग घालतं, चल माझ्याबरोबर. तो ढिम्म. माझ्या ओरडण्याला घरात कोणी भीक घालत नाही, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ही लेक म्हणजे बाबाचा जीव. माझी नोकरी, नवऱ्याची उरणला बंदरावर शिफ्ट, त्यामुळे पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत गावात बाबाच्याच खांद्यावर वाढली. नदीवरही त्याच्याबरोबर, पान खायलाही त्याच्याबरोबर. मुलगा उरणचाच मिळाला. तारीख ठरली त्या दिवशी ही आज्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, “आजा, मांडवात माझ्या बाजूला टॉवेल न घेता उभं राहायचं. राहणार नसशील तर आत्ताच सांग, मी उरणवाल्यांना नाही म्हणून कळवते.”

 बाबाची नजर कुठे गेली ते मी पाहिलं, खुंटीकडे गेली. पण मला वाटलं, उगाच भिंतीकडे बघतोय.

“चल,” तो म्हणाला, “लावू दात.”

इतक्या सहज? मी तर चाटच पडले. तीन वर्षं माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते नातीच्या एका धमकीने झालं म्हणून मला जरा रागही आला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांकडे चार-पाच फेऱ्या झाल्या, मापं झाली, वरची कवळी तयार झाली. शेवटच्या दिवशी बाबाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “वढ बसली तर निघनार नाय ना?”

डॉक्टर हसले. “अहो आजोबा, मटण खा, चिकन खा, काही होत नाही. फक्त दिवसभर घालून ठेवा. सवय झाली पाहिजे.”

बाबाने मान डोलावली. तो मटणाचं विचारत नव्हता, हे ना डॉक्टरांना कळलं, ना मला.

लग्न रविवारी, हळद शनिवारी. मी आठ दिवस आधीच रजा टाकून गावच्या घरी जाऊन राहिले होते. बघते तर काय, बाबाने पाग खुंटीवरून काढून अंगणात पसरलाय आणि उंदराने कुरतडलेली भोकं विणत बसलाय. म्हटलं, बरं आहे, मांडव घालणाऱ्यांच्या पायात येण्यापेक्षा म्हातारा कामात असलेला बरा. कवळी मात्र तंबाखूच्या रिकाम्या डबीत. मी दिवसातून दहा वेळा ओरडायचे, “दात डबीत ठेवायला केलेत का? तोंडात घाल! सवय कशी होणार?” तो निमूटपणे घालायचा. मी पाठ वळवली की पुन्हा डबीत.

आमच्या घराची एक रीत आहे. हळदीच्या आदल्या दिवशी नवरीला माहेरच्या नदीचं मावरं, म्हणजे मासळी, खाऊ घालायचं. विकतचं चालत नाही, समुद्राचं चालत नाही, घरच्या माणसाने धरलेलंच लागतं. आता लग्नं सगळी मे महिन्यात आणि नदीत पाणी डोहांपुरतं. ही रीत ज्याने काढली त्याला एकतर नदी ठाऊक नव्हती, नाहीतर तो महाखट असणार. माझ्या लग्नात बाबाने एका पागात एवढे मासे काढले होते की शेजारपाजारही जेवला. या वेळी माझ्या भावाने गळ टाकायचं ठरवलं होतं. गुरुवारी जेवताना बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, “गळाबिळाचा काम नाय. मी जातो सकालचा.”

भाऊ आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही.

शुक्रवारी फटफटलं तसे आम्ही तिघं निघालो. लेक आदल्या संध्याकाळची मेंदी जपत गाढ झोपली होती. अंगणातून बाहेर पडताना मी माझ्या सवयीने बाबाला हटकलं, “दात घातलेस का?” त्याने मिशी वर करून मला पांढरेशुभ्र दात दाखवले. “शाब्बास!” मी म्हटलं. मुलगी या नात्याने मी आयुष्यभर त्याला पाग मारताना पाहिलेलं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

उंबराखालच्या डोहावर आमच्या आधीच एक बाई आलेली होती. डोंगराकडच्या कातकरी वाडीतली, माझ्याच वयाची. वीटभट्टीचा हंगाम संपला की ही माणसं वाडीवर परततात आणि मग नदी त्यांचीच. जाळं नाही, गळ नाही. ती डोहाच्या एका टोकाला, पाणी न ढवळता, कमरेएवढ्या पाण्यात वाकून दगडांखाली हात घालत होती, पायाने तळ चाचपत होती, आणि ओटीत चार-पाच खेकडे वळवळत होते. बाबाच्या खांद्यावरचा पाग बघून ती काही न बोलता काठाला सरकली आणि उभी राहिली.

बाबाने आधी सूर्य कुठून येणार ते बघितलं. सावली मागे पडेल अशा दगडावर जाऊन उभा राहिला. पाण्यावर वर्तुळं उठत होती, मोठी मोठी. त्याने पाग हातावर घेतला, मुठीत धरला, कड दातांत पकडली. कणा तसाच ताठ. मला वाटलं, मी दहा वर्षांची झाले. भावाने माझा दंड धरला.

आणि बाबाने पाग मारला.

काय सांगू! अगदी गोल उघडला. भाकरी थापावी तसा. पाण्यावर पडला तेव्हा कडेच्या सगळ्या शिशांचा मिळून एकच आवाज आला. मी ओरडणार होते, “वाह रे बाबा!” पण बाबा वळला आणि त्याचा वरचा ओठ आत गेलेला होता.

जाळ्याबरोबर दातही गेले होते. हात वेळेवर सुटले, जबडाही वेळेवर सुटला असेल, पण नवी कोरी कवळी कडेला चिकटून तशीच उडाली. बाबाने तोंडाला हात लावला. मग टॉवेल.

“जालं ओढ! जाल्यात असंल!” टॉवेलाआडून तो भावावर खेकसला.

जाळं ओढलं. आत मूठ-दोन मूठ झिंगे, सात-आठ शिंगट्या, वीस-पंचवीस मळे मासे आणि हातभर लांब एक मरळ. असला पाग तर गावात कोणी दहा वर्षांत मारला नसेल. आम्ही ती मरळ बाजूला सारून जाळ्याचा प्रत्येक पदर झटकत होतो. दात नव्हते. पडताना कुठेतरी मधेच सुटून डोहात गेले होते.

बाबा दगडावर बसला. “पोरीला बोलू नका,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आनि दात नाय गावले तर मी मांडवात येनार नाय. आताच सांगून ठेवतो.”

 हा माणूस नुसतं बोलत नाही, करतो. पुतण्याच्या लग्नात करून दाखवलंच होतं. दोन दिवसांत नवी कवळी होणं शक्य नाही. आणि माझी पोरगी मांडवात मान वळवून वळवून आज्याला शोधणार, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसायला लागलं. त्याला ते दात दिवसभर घालून ठेवायला लावले कोणी? मीच. मला स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या.

भावाने पँट वर केली आणि धाडकन डोहात उडी मारली.

“अरं! अरं! कोनी पान्यात उतरू नका!” ती बाई किंचाळली. पण झालं होतं. तळातला सगळा गाळ वर आला आणि नितळ पाण्याचा अर्धा डोह चहासारखा झाला.

ती कपाळाला हात लावून म्हणाली, “आता बसा बोंबलत. वाहतं पानी असतं तं घडीभरात निवललं असतं. या पान्याला वाहाव नाय. दुपारपरयंत आसाच ऱ्हायल.”

“मग आता गं?” मी रडकुंडीला आले होते.

“मंग काय? वाहाव नाय म्हनून गढूल ऱ्हानार, आनि वाहाव नाय म्हनूनच दात बी जानार नायत कुटं. पडले तितंच हायत. पावसाल्यात पडले असते तं दर्यात गेले असते म्हाताऱ्याचे दात.” मग तिने आम्हा दोघांकडे बघितलं. “डोल्यानं नाय, पायानं बघायचं. उतर बाय तू पन. साडी खोच.”

पायाने बघायचं म्हणजे काय ते तिने दाखवलं. पाऊल उचलायचं नाही. तळवा सपाट ठेवून तळावरून सरकवायचा, विताविताने. बोटं मोकळी ठेवायची. दगड कळतो, मूळ कळतं, चिखलात बसलेला मासा कळतो, तसे दात कळतील. आम्ही तिघं ओळीत उभे राहिलो आणि सरकायला लागलो. भाऊ दोन पावलं टाकून तिसऱ्याला घसरत होता. बाबा काठावरून टॉवेलाआडून सूचना देत होता, त्या कोणालाही कळत नव्हत्या.

अर्ध्या तासात नदीवर धुणं घेऊन दोघी आल्या. “काय हरवलं गं?” मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, “अंगठी.”

मूर्ख! सांगायचं होतं चप्पल, सांगायचं होतं कळशी. लग्नघरातल्या माणसाची डोहात अंगठी पडली म्हटल्यावर धुणं राहिलं बाजूला, एकजण गावात धावली. “सोन्याची अंगठी पडली गं! नवरीच्या घरची!” आणि बघता बघता वीसएक माणसं त्या एवढ्याशा डोहात. कोणी चाळणी घेऊन आलं, कोणी पोरांचा पोहायचा चष्मा घालून. एक आजीबाई मला सारखं विचारत होत्या, किती ग्रॅमची. मासे तर पार बिथरून माणसांच्या पायांतून पळत होते आणि दर मिनिटाला कोणीतरी “गावली, गावली!” म्हणून झिंगा वर काढत होतं.

शेवटी ती कातकरी बाई वैतागली. “आंगठी नाय रं! दात पडल्यात म्हातारबाबाचे! बोटानं काय उकरता, पाय सपाट ठेवा!”

 आजीबाईच आधी हसल्या आणि सगळा डोह हसायला लागला. माझा भाऊही हसला, मेला. मी काठाकडे बघितलं. बाबाने आमच्याकडे पाठ केली होती. दगडावर तसाच बसलेला, टॉवेल दोन्ही हातांनी तोंडाशी धरून. त्याचे कान मागून लाल झालेले दिसत होते. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी शाळेतल्या आवाजात ओरडले, “गप्प बसा! ज्याला हसायचंय त्याने बाहेर जाऊन हसा! उद्या मटण हवंय ना हळदीचं? मग शोधा!”

मटणाचं नाव काढल्यावर लोक ओळीत आले. बाईने सगळ्यांना एका रेषेत उभं केलं, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि वीस माणसांची रांग सरकायला लागली. असा प्रकार त्या नदीने कधी पाहिला नसेल. नवाच्या सुमाराला ऊन चांगलं चटके देत होतं, तेव्हा मुळांच्या जरा अलीकडे ती बाई एकदम थांबली.

“आई गं! चावलं मना!”

सगळे दचकले. ती वाकली नाही. पाय हळूहळू वर आणला, तर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत बाबाची कवळी! एक टवकाही उडाला नव्हता.

लोकांनी टाळ्या पिटल्या. पण तिने ती कोणाला दाखवत नाचवली नाही. पाण्यात खळबळून धुतली, उंबराचं एक मोठं पान तोडून त्यात गुंडाळली आणि बाबाच्या पुढे जाऊन, बाकीच्यांना दिसणार नाही अशी, त्याच्या हातात दिली. बाबा तसाच पाठमोरा. मान खाली गेली, वर आली. मग तो उठला, वळला, मिशीवरून हात फिरवला आणि जणू सकाळपासून काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, “चला, वाटे करा.”

आमच्याकडे डोहात उतरलेल्या प्रत्येकाला माशाचा वाटा द्यावा लागतो, मग त्याने मासा धरलेला असो की नसो. आता भावाच्या अंगठीपायी उतरलेली वीस माणसं! मासे वाटता वाटता माझा जीव खालीवर. पहिला वाटा बाबाने त्या बाईला उचलायला सांगितला. तिने मरळीकडे बघितलं. 

“ती नवरीची,” ती म्हणाली. “मना शिंगट्या दे. आनि झिंगे सगले.”

“ने. आनि उद्या हलदीला ये,” बाबा म्हणाला.

ती आली. सोबत सहा जणांना घेऊन आली आणि बेंजोवर पहाटेपर्यंत नाचली. पण ते नंतर. शुक्रवारी दुपारी मरळीचं कालवण झालं. लेक मेंदीचा रंग उतरेल म्हणून हात लावायला तयार नाही, तेव्हा बाबाने मांडी घालून तिच्यासमोर बसून काटे काढून काढून तिला घास भरवले. सासर उरणचं, ते लोक नदीच्या माशाला चिखल म्हणतात, त्यावरून दोघांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. “आजा, दात काय मस्त दिसतात रे तुला,” ती म्हणाली. बाबा नुसता “हं” म्हणाला. मी आणि भाऊ ताटात बघत बसलो.

रविवारी मांडवात बाबा तिच्या बाजूला उभा राहिला. टॉवेल नाही, फेटा. फोटोवाला दिसला की हा दात काढणार. शेवटी फोटोवालाच म्हणाला, “आजोबा, एखादा तोंड मिटून घेऊ या का?” व्याह्यांशी, विहीणबाईंशी, उरणच्या झाडून सगळ्या पाहुण्यांशी जाऊन जाऊन हसून बोलला. विहीणबाई मला म्हणाल्या, “तुमचे वडील काय देखणे आहेत हो.” मी म्हटलं, “आहेतच.” ऊर भरून आला होता माझा.

आणि मग पाठवणीची वेळ झाली. माझ्या लेकीने आठ दिवस आधीपासून जाहीर केलेलं, मी रडणार नाही, उरण काय अमेरिकेत नाही, तासाभराचा रस्ता. आणि गाडीच्या दाराशी पोहोचली तेव्हा असा हुंदका फुटला की तिला उभं राहवेना. मी रडतेय, नवरा रडतोय, भाऊ तर भोकाड पसरून. तिने आज्याला मिठी मारली ती सोडेचना. जावईबापू बिचारे दार धरून ताटकळत उभे. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर हात फिरवला, पोरगी श्वास लागेपर्यंत रडत होती. तिने आज्याचा सदरा मुठीत धरला होता.

बाबाने तिची मूठ हळूच सोडवली. एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं आता टॉवेल शोधणार, डोळे पुसायला. त्याने हात तोंडाशी नेला, खाली आणला आणि तिच्याकडे बघून, उरणची तीन-चारशे माणसं, व्याही, विहीणबाई, व्हिडिओवाला, सगळ्यांच्या देखत, वरच्या नुसत्या हिरड्या दाखवून कानापर्यंत हसला.

तिने आधी बघितलं. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, आणि पोरगी रडता रडता जी हसत सुटली, ती पोट धरून हसतच गाडीत बसली.

गाडी निघाली. बाबा रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता. विहीणबाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा तो त्यांच्याशी चांगला पाच मिनिटं बोलला, पुन्हा या म्हणाला, मोकळं हसला, आणि कवळी तेवढा वेळ त्याच्या मुठीतच होती.